दंडावरचे खरखरीत दाणे: घासू नका, मऊ करा

दंडाच्या मागच्या आणि बाहेरच्या बाजूला, मांडीच्या पुढच्या भागावर, कुणाला ढुंगणावर, लहान मुलांना गालांवर. बारीक, टोकदार, हाताला खरखरीत लागणारे दाणे. दुखत नाहीत, फारसे खाजत नाहीत, पिकतही नाहीत. थंडीत वाढतात, पावसाळ्यात बरेचसे मवाळ होतात. घरात आईला, वडिलांना, नाहीतर एखाद्या मावशीला ते असतातच. डॉक्टर याला केराटोसिस पिलारिस म्हणतात. नाव भारदस्त आहे, भानगड साधी आहे. खरं तर हा आजारही नाही, त्वचेची ठेवणच तशी असते.

किशोरवयीन मुलामुलींपैकी 50 ते 80 टक्क्यांना आणि मोठ्या माणसांपैकी 40 टक्क्यांच्या आसपास लोकांना हे कमी-जास्त प्रमाणात असतं, असे आकडे त्वचारोगाच्या पुस्तकांत सापडतात. इतक्या जणांना असलेली ही गोष्ट कुणी कुणाला सांगत मात्र नाही. पूर्ण बाह्यांचा कुर्ता घातला की विषय मिटला. मग लग्नसराई येते, बिनबाह्यांचं ब्लाउज शिवायला टाकलेलं असतं आणि आठ दिवसांत दंड गुळगुळीत करायचे असतात. बाथरूममधली घासणी हातात येते ती तेव्हा. आणि या त्वचेचं खरं नुकसान सुरू होतं तेही तेव्हाच.

दाण्यात असतं काय

दुपारी खिडकीशी उभं राहा, दंडावर उजेड तिरका पडू द्या आणि मोबाइलचा कॅमेरा झूम करून एकच दाणा बघा. मधोमध एक पांढुरकं टोक दिसेल. पुष्कळदा त्याच्याखाली गोल गुंडाळलेला बारीक केस असतो. बाहेर पडायला वाट न मिळाल्यामुळे तो आतल्या आतच वळलेला असतो. गोऱ्या कातडीवर दाण्याभोवती लालसर कडं असतं, सावळ्या कातडीवर ते तपकिरी दिसतं.

ते पांढुरकं टोक म्हणजे केराटिन. आपली नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात तेच हे. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातल्या पेशी मेलेल्या, चपट्या आणि केराटिनने भरलेल्या असतात. त्या रोज थोड्याथोड्या गळतात, खालून नव्या वर येतात. खाली तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. दाणे येणाऱ्या त्वचेत केसाच्या छिद्राच्या तोंडाशी ही गळती नीट होत नाही. मेलेल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात, साचतात आणि तोंडाला बूच बसतं. एका केसाला एक बूच, म्हणून दाणेही एकसारख्या अंतरावर असतात. मुरमांशी याचा काही संबंध नाही. आत तेल किंवा पू साचलेला नसतो, त्यामुळे पिळून काही निघत नाही. निघालंच तर रक्त निघतं.

गळती का अडते, याचं उत्तर बरंचसं घराण्यात आहे. फिलॅग्रिन नावाचं एक प्रथिन त्वचेच्या वरच्या थराची वीण घट्ट ठेवतं. पुढे त्याचेच तुकडे पडून त्वचेत पाणी धरून ठेवणारी द्रव्यं तयार होतात. हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असला की इक्थिओसिस व्हल्गॅरिस नावाचा, अंगावर कोरडे खवले धरणारा आनुवंशिक विकार होतो, हे स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने 2006 साली दाखवून दिलं. त्याच बिघाडामुळे इसब होण्याची शक्यताही वाढते. दंडावरचे दाणे या दोघांचे जवळचे नातलग. दाणे असलेल्या प्रत्येकाच्या जनुकात बिघाड असतोच असं नाही, पण लहानपणी इसब झालेल्या, थंडीत पिंडऱ्या पांढऱ्याफटक पडणाऱ्या माणसाच्या दंडावर हात फिरवला तर दाणे लागण्याची शक्यता दांडगी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण पुढे तिचं काम आहे. निरोगी त्वचेत पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्यांचं जे मिश्रण असतं, त्यात अमिनो आम्लांबरोबर लॅक्टिक आम्लाचे क्षार आणि युरियाही असतो. म्हणजे मलमाच्या ट्यूबवर जी नावं वाचून लोक बिचकतात, ती आपल्या कातडीत मुळातच असतात.

घासणीने काय होतं

नायलॉनची जाळी, वजरी, दोडक्याची वाळवलेली शीर, मसुराचं भरड पीठ, कॉफीची पूड, साखर आणि लिंबू. उपायांची यादी लांब आहे, तत्त्व एकच: वर आलंय ते खरवडून काढा. काढून झाल्यावर एक दिवस हात गुळगुळीत लागतोही. पण बूच छिद्राच्या आत असतं, घासणी वरचं टोक तेवढं उडवते. शिवाय रगडलेली त्वचा स्वतःला वाचवायला वरचा थर आणखी जाड करते. तळहाताला घट्टे पडतात ते याच न्यायाने. चार-सहा दिवसांत दाणे परत येतात आणि आधीपेक्षा राठ येतात.

पीठ मळलेली परात वाळल्यावर आपण ती सुरीने खरवडत नाही, पाणी घालून ठेवतो आणि मग हाताने पुसून घेतो. दंडाचं तंत्र हेच आहे.

घासण्याचा दुसरा परिणाम आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे, आणि परदेशी व्हिडिओंत तो सहसा सांगितलेला नसतो. सावळ्या त्वचेतल्या रंगपेशी फार चटकन चिडतात. ओरखडा असो, भाजणं असो, पुटकुळी असो, त्वचा जरा दुखावली की मागे काळसर डाग राहतो. दाणा जातो, डाग महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो. रोज नायलॉनच्या घासणीने पाठ आणि दंड रगडणाऱ्यांच्या अंगावर तपकिरी, लाटालाटांचा रंग चढतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांना तो चांगला ओळखीचा आहे. बिचारा माणूस तो मळ समजतो आणि आणखी जोरात घासतो.

लिंबाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. लिंबाचा रस अंगाला लावून उन्हात गेलं तर सालीतल्या आणि रसातल्या काही द्रव्यांवर ऊन पडून त्वचा अक्षरशः भाजते, फोड येतात आणि नंतर काळे पट्टे राहतात. खायचा सोडाही नको. त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि तिला तसंच राहायचं असतं.

उटण्यावर माझा तितका राग नाही. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल जिरवतात, मग उटणं लावतात, आणि हा क्रम शहाणा आहे. दाणे असलेल्या जागी ते हलक्या हाताने फिरवावं, रगडू नये, एवढंच. पण लक्षात घ्या, दिवाळी येते तेव्हाच हवेतला दमटपणा उतरायला लागलेला असतो. आंघोळीआधी लावलेलं तेल उटण्याबरोबर बरंचसं निघून जातं. खरी गरज असते ती आंघोळीनंतर.

घरी करायचं ते

सुरुवात बादलीपासून. कढत पाणी अंगावर घेतलं की बरं वाटतं, पण त्वचेतला स्निग्धांश त्याच्याबरोबर वाहून जातो. पाणी कोमट हवं, आंघोळ पाच-दहा मिनिटांत आटपायला हवी. साबण काखा, जांघा, पावलं एवढ्या ठिकाणी पुरे. दंडमांड्यांना रोज फेस लागलाच पाहिजे असं काही नाही. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू (पीएच, आम्लता मोजायचं माप) 9-10 च्या घरात असतो, त्वचेचा साधारण 5. बोअरचं जड पाणी असेल तर साबण आणि क्षार मिळून अंगावर एक चिकट थर राहतो, तो आणखी कोरडेपणा आणतो. अशा ठिकाणी साबणाऐवजी सौम्य, बिनवासाचा बॉडी वॉश वापरला तर फरक जाणवतो.

अंग पुसताना टॉवेल टिपायचा, ओढायचा नाही. त्वचा अजून ओलसर असतानाच, म्हणजे दोन-तीन मिनिटांच्या आत, मलम लावायचं. अंग खडखडीत कोरडं झाल्यावर लावलेलं महागडं क्रीम आणि ओलसर अंगावर लावलेलं स्वस्त क्रीम यांत मी डोळे झाकून दुसरं निवडेन. आत मुरलेलं पाणी उडून जाऊ न देणं, हे निम्मं काम आहे.

साधं मऊपण हवं असेल तर पेट्रोलियम जेली, खोबरेल, बिनवासाचं जाडसर क्रीम, काहीही चालतं. 2004 साली फिलिपाईन्समधल्या एका अभ्यासात कोरड्या त्वचेवर खोबरेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली तेव्हा दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. कोकणात आणि गोव्यात भेगाळलेल्या टाचांना कोकमाच्या बियांचं मुठेल लावतात. ते घट्ट असतं, हातात सहज वितळत नाही, म्हणून चमच्यात गरम करून थोडं निवल्यावर लावायचं. दंडावरही ते चालतं, फक्त कपड्याला डाग पडतो, त्यामुळे रात्री लावलेलं बरं. मात्र ही सगळी द्रव्यं पाणी कोंडून ठेवतात. बूच विरघळवायचं काम त्यांच्याने होत नाही.

त्यासाठी युरिया, लॅक्टिक आम्ल किंवा सॅलिसिलिक आम्ल लागतं. युरिया म्हटलं की शेतकरी घरात हमखास विचारतात, हा तोच का खताचा? रेणू तोच. 10 टक्क्यांच्या खाली तो पाणी धरून ठेवतो, 10 ते 20 टक्क्यांत केराटिन सैल करायला लागतो, आणि 40 टक्क्यांचं मलम जाड नखांना, राठ टाचांना वापरतात. दंडासाठी 10 टक्क्यांपासून सुरुवात करावी. आणि कुणी उत्साहाने पोत्यातला युरिया पाण्यात कालवून लावायच्या आधी सांगून ठेवतो: तो शेतासाठीच आहे, नीमलेपित असतो, अंगासाठी शुद्ध केलेला नसतो आणि किती टक्के झाला याचा हिशेब घरी लागत नाही.

लॅक्टिक आम्ल 10-12 टक्क्यांच्या लोशनमध्ये मिळतं. मग दही का नको? दह्यात ते साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं आणि ते धुऊन टाकेपर्यंत अंगावर राहणार किती? दही ताटातच बरं. थायलंडमध्ये झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात याच दाण्यांवर 10 टक्के लॅक्टिक आम्ल आणि 5 टक्के सॅलिसिलिक आम्ल 12 आठवडे लावून पाहिलं. दाणे अनुक्रमे 66 आणि 52 टक्क्यांनी कमी झाले. दोन्ही उपयोगी, लॅक्टिक थोडं पुढे. पण 12 आठवडे हा आकडा त्यात मला सर्वांत कामाचा वाटतो. जी पेशी वर यायलाच महिना-दीड महिना घेते, तिच्याकडून आठ दिवसांत हिशेब मागता येत नाही.

पहिला आठवडा एकाच दंडावर, एक दिवसाआड, रात्री लावून बघा. किंचित चुरचुर चालते. आग होऊन लाल झालं तर धुवा, चार दिवस नुसतं साधं क्रीम लावा आणि नंतर कमी वेळा सुरू करा. वॅक्सिंग किंवा रेझर केलेल्या दिवशी ही आम्लं लावलीत तर झोंबून नाचाल. लॅक्टिक आम्ल लावणाऱ्याने उघड्या दंडाला दिवसा सनस्क्रीन लावावं, कारण त्वचा उन्हाला हळवी होते आणि डागही उन्हानेच गडद होतात. सॅलिसिलिक आम्ल लहान मुलांच्या अंगावर मोठ्या भागात लावायचं नाही, ते रक्तात शोषलं जातं. त्यांना साधं क्रीम पुरतं. गरोदर बाईनेही आम्लांच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं.

किती लावायचं, हेही कुणी सांगत नाही. ट्यूब दाबून तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत जी रेघ निघते, ती साधारण अर्धा ग्रॅम. तेवढ्यात बोटांसकट दोन तळव्यांएवढी जागा झाकली जाते. दोन्ही दंडांना सढळ हाताने लावायचं तर अशा दोन रेघा, म्हणजे एका वेळी एक ग्रॅम. दिवसातून दोनदा लावलं तर महिन्याला 60 ग्रॅम. 30 ग्रॅमची ट्यूब ज्यांना तीन महिने पुरते, त्यांना फरक का पडत नाही हे वेगळं सांगायला नको.

दाणे मऊ पडले म्हणून सगळं बंद केलं की काही आठवड्यांत ते परत येतात. औषध फसलं असं यातून ठरत नाही, ठेवणच तशी आहे. तेव्हा रोजचं साधं क्रीम चालू ठेवायचं आणि युरिया-लॅक्टिकवालं आठवड्यातून दोन-तीनदा. पावसाळ्यात, दमट किनाऱ्यावर त्याचीही गरज पडेनाशी होते. विदर्भ-मराठवाड्यात मात्र हिवाळा सरला तरी हवा कोरडीच राहते, त्यामुळे तिथे मे महिन्यापर्यंत ट्यूब हाताशी असू द्या. दिवसभर एसीत बसणाऱ्यांचं आणि हीटर लावून थंडी काढणाऱ्या परदेशातल्या मंडळींचंही तेच.

मेडिकलमधली जादूची ट्यूब

प्रसंग रोजचा आहे.

"दादा, अंगावर पुरळ आलंय, खरखरीत. एखादी ट्यूब द्या ना."

"खाज आहे का, ताई?"

"थोडी."

"ही लावा. दोन दिवसांत साफ."

त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं, म्हणजे लाली आणि दाह दाबणारं स्टिरॉइड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक. दोन दिवसांत लाली उतरते, म्हणून लोक खूश होतात आणि शेजारणीलाही तेच नाव सांगतात. बूच मात्र तिथेच असतं, कारण स्टिरॉइड केराटिनला हात लावत नाही. महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, काखेत-मांडीत कायमचे चट्टे पडतात, गालांवर लावलं तर चेहरा लाल होऊन केस वाढतात. मध्येच नायटा झाला तर तो या मलमाखाली मजेत पसरतो. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशी तरतूद केली. नियम आहे, काउंटरवर तो रोज आठवतोच असं नाही. म्हणून ट्यूब घेताना मागचं बारीक अक्षर स्वतः वाचा. नावाच्या शेवटी 'सोन' किंवा 'सॉल' दिसलं तर थांबून विचारा. सगळी तशी नावं स्टिरॉइडची नसतात, पण विचारण्याने बिघडत काही नाही.

जेवणाचा संबंध किती

गहू सोडा, दूध सोडा, असे सल्ले फिरत असतात. दंडावरच्या या दाण्यांसाठी त्यांना भक्कम आधार नाही. पण हुबेहूब अशीच दिसणारी एक गोष्ट खरोखर जेवणाशी जोडलेली आहे आणि ती ओळखता यायला हवी. फ्रायनोडर्मा. मूल साधारण शाळकरी वयाचं, अंगाने खंगलेलं, आणि मोठे राठ काटे दंडाच्या आधी कोपरांवर, गुडघ्यांवर, ढुंगणावर. अ जीवनसत्त्व, ब गटातली जीवनसत्त्वं आणि आवश्यक मेदाम्लं कमी पडल्याने हे होतं. भारतात यावर पूर्वी ब जीवनसत्त्वांबरोबर करडईचं तेल देऊन पाहिलं गेलं, कारण त्यात लिनोलेइक आम्ल हे आवश्यक मेदाम्ल भरपूर असतं. अशा मुलाला संध्याकाळी दिसायला त्रास होतो का, हे जरूर विचारावं. तो अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा मोठा इशारा आहे आणि तिथे मलम लावत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

उलट, चांगलं खातंपितं घर असेल तर दाण्यांसाठी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. ते शरीरात साठतं, जास्त झालं तर यकृताला त्रास देतं, आणि गरोदरपणात बाळाला अपाय करू शकतं.

डॉक्टरकडे कधी

दाण्यांत पू भरला, एकेक दाणा दुखायला लागला, रात्री झोपमोड होईल इतकी खाज सुटली, तर हे प्रकरण वेगळं आहे. केसांच्या मुळाला जंतुसंसर्ग झालेला असेल किंवा इसब असेल. सावळ्या अंगावर इसब पुष्कळदा असं दाण्यादाण्यांनीच उठतं आणि चट्टा दिसत नाही म्हणून फसवतं. उन्हाळ्यात पाठीवर-गळ्यावर अचानक उठलेलं, टोचणारं असेल तर बहुधा घामोळं. मोत्यासारखे चकचकीत, मध्ये खळगा असलेले दाणे मुलाच्या अंगावर दिसले तर तो विषाणूचा संसर्ग असतो आणि तो पसरतो. भुवया विरळ होत असतील, डोक्यावर केस जाऊन चाई पडत असेल, किंवा मोठेपणी एकाएकी सगळं अंग कोरडं पडून थकवा, वजनवाढ सुरू झाली असेल तर दाखवायलाच हवं. शेवटच्या बाबतीत थायरॉइडची तपासणी आधी.

यातलं काहीच नाही, पण तीन महिने नेमाने लावूनही दंड तसेच आहेत, तरीही त्वचारोगतज्ज्ञांकडे जायला हरकत नाही. ते रात्री लावायला ॲडापॅलिन किंवा ट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली मलमं देऊ शकतात, पण गरोदरपणात आणि त्याची तयारी चालू असताना ही औषधं चालत नाहीत, तेव्हा ते आधीच सांगा. केस काढायच्या लेझरनेही काहींना आराम पडतो, मात्र अनेक बैठका लागतात, खिसा हलका होतो, आणि सावळ्या त्वचेवर चुकीच्या यंत्राने भाजण्याचा धोका असतो. म्हणून हे काम पार्लरवर सोपवू नका. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब पिशवीत घालून न्या, रिकाम्या असल्या तरी. "पांढरी होती, निळं झाकण होतं" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.